फुकट कुणाचं होतं?

परवा रात्री मुलगा खोलीतून बाहेर आला नि म्हणाला, "मम्मी, आता याचेही पैसे मागतायत." तो आणि त्याचे दोन मित्र सॉफ्टवेअर लिहितात, इच्छापोरच्या आमच्या फ्लॅटमध्येच बसून. ज्या साधनात तीन वर्षांचं काम साठवलं, तिथे तिघांनी मिळून काम करायचं तर आता दरमहा बिल. साधनाचं नाव मी घेत नाही.

सकाळी चहा घेताना हे म्हणाले, "इतके दिवस फुकट वापरलंत ना? आता भरा."

पैसे मागण्याला माझी हरकत नाहीच. पगार द्यायचे असतात, सर्व्हरचा खर्च असतो. डॉकरने २०२१ मध्ये आपल्या डेस्कटॉप साधनाला पैसे लावले. पण २५० पेक्षा कमी माणसं आणि वर्षाला १ कोटी डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या धंद्यांना मोकळं ठेवलं. ज्याला परवडतं त्याने द्यावं, यात वावगं काय?

माझा राग 'फुकट' या शब्दावर आहे. तीस वर्षं बिनपगारी घर चालवणाऱ्या बाईला त्याचा अर्थ सांगायला जाऊ नका. या पोरांनी त्या साधनातल्या चुका शोधून कळवल्या, नवख्यांना शिकवलं, नोकरीला लागल्यावर साहेबांना "हेच घ्या" म्हणून गळ घातली. जाहिरात, तपासणी, शिकवणी, सगळं केलं. त्याची पावती कुणी फाडली नाही, म्हणून ते फुकट झालं होय?

आणि सवय लागेपर्यंत गोड बोलायचं, मग दार लावायचं! हेरोकूवर जगभरच्या विद्यार्थ्यांनी आपले प्रकल्प चढवले होते. ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीने सांगितलं, २८ नोव्हेंबरपासून मोफत सोय बंद. गैरवापर फार होतो, असं कारण दिलं. होतही असेल. पण गैरवापर करणारे दुसरीकडे गेले असतील, अडकला तो शिकणारा.

पोस्टमन तर आपल्या बंगळुरात जन्मलेलं. खातं न उघडता आपल्याच मशीनवर कामाचे संग्रह ठेवायची त्यातली सोय २०२३ मध्ये काढली गेली. तिथे प्रश्न पैशाचाही नव्हता. माझी वही माझ्या कपाटात ठेवायची की तुमच्या, एवढाच होता.

मी ह्यांना विचारलं, "तुम्ही जांगडवर हिरे देता तेव्हा चिठ्ठीवर काय लिहिता?" चाळीस वर्षं हिऱ्यात घालवलेला माणूस, लगेच म्हणाला, "माल माझा. विकला गेला नाही तर मागीन तेव्हा परत."

"मग मुलांनी आपलं काम तिथे ठेवलं, ते जांगडवरच ना? भाडं वाढवा, पण आधी माल परत द्या. धड, जसाच्या तसा. आणि भाडं कधी, किती लागणार ते पहिल्या दिवशी चिठ्ठीवर लिहा."

हे गप्प बसले. पेपर मात्र उलटा धरला होता.

मुलगा तीन दिवस फायली बाहेर काढतोय. अर्ध्यांची नावं बदलून येतात, काही उघडतच नाहीत.

"आता कुठे ठेवणार?" मी विचारलं.

"आहे एक नवीन," तो म्हणाला. "फ्री आहे."