जन्मतारीख एक दिवस मागे का जाते?

ऑनलाइन अर्जात १५ ऑगस्ट ही जन्मतारीख निवडली आणि पावतीवर १४ ऑगस्ट छापून आली, तर चूक अर्जदाराचीच असेल असे नाही. बऱ्याचदा ती 'जावास्क्रिप्ट'मध्ये तारीख हाताळताना झालेली असते. निवडलेली तारीख भारतीय वेळेनुसार मध्यरात्री १२ ची धरली जाते. साठवताना प्रोग्रामरने 'टूआयएसओस्ट्रिंग' हे फंक्शन वापरले, की तिचे रूपांतर जागतिक प्रमाणवेळेत होते. भारत साडेपाच तास पुढे. म्हणून नोंद होते आदल्या सायंकाळी साडेसहाची. त्यातली वेळ गाळून तारीख तेवढी ठेवली, की एक दिवस गेलाच. अमेरिकेतील संगणकावर चाचणी घेतली तर ही चूक दिसतही नाही!

मुळात ही तारखेची रचना १९९५ मध्ये घाईघाईत जावा भाषेतून उचललेली. त्यात महिने शून्यापासून मोजतात, दिवस मात्र एकपासून. जन्मतारखेला वेळ नसतेच. ती वर्ष, महिना, दिवस अशी सरळ साठवता येते. नव्या 'टेम्पोरल'मध्ये त्यासाठी 'प्लेनडेट' हा वेगळा प्रकारच आहे. निदान भारतीय वेळेवर चाचणी घेतल्याशिवाय अर्जाची यंत्रणा सुरू करू नये, एवढे तरी कंत्राटदाराकडून लिहून घ्यायला हवे. दुरुस्तीसाठी हेलपाटे अर्जदाराने का घालावेत?