अ‍ॅव्हरेज नंतर, आधी गिअर पाहा!

छोटी मोटार घ्यायला निघालेला आपला व्यापारी बांधव पहिला प्रश्न विचारतो तो अ‍ॅव्हरेजचा. दुसरा किमतीचा, तिसरा रंगाचा. क्लच आणि गिअरबॉक्सची आठवण होते ती गाडी घरी आल्यावर, एक पावसाळा सरल्यावर. आमच्या मते रत्नागिरीसारख्या चढउताराच्या मुलखात हा क्रम उलटा असायला हवा. येथे छोट्या मोटारीचा भरवसा इंजिनाइतकाच गिअरवर अवलंबून असतो.

हा विषय आता काढण्याचे कारण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी थोडी आवाक्यात आली. तरीही आपल्यापैकी अनेक जण कर्जाच्या व्याजात पडण्यापेक्षा रोखीने जुनी गाडी घेणे पसंत करतात. साठवलेला पैसा एकदाच खर्च होणार असेल, तर तो डोळसपणे व्हावा.

छोट्या गाडीचा भरवसा म्हणजे काय, हे आपल्याला मारुती ८०० ने शिकवले. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबले. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, बहुतेक गाड्यांना चारच गिअर आणि तारेवर चालणारा क्लच. ताकद बेताचीच, पण रचना साधी. क्लचची तार तुटली तर नाक्यावरचा कारागीर ती बदलून देई आणि गाडी त्याच दिवशी पुन्हा धंद्याला लागे. गाडी मुळीच बिघडू नये ही अपेक्षा कोणत्याच यंत्राकडून धरता येत नाही. बिघडली तर गावात, परवडेल अशा खर्चात दुरुस्त व्हावी, हाच धंदेवाल्याच्या दृष्टीने भरवसा.

आता आपल्या रस्त्यांकडे पाहा. कोल्हापूरचा माल आणायचा तर आंबा घाट आहे. लहान इंजिन, मागे कापडाचे गठ्ठे, वर तीन-चार माणसे आणि पुढे रांगत चाललेला ट्रक. अशा वेळी चालक क्लचवर अर्धा पाय ठेवून गाडी सरकवत राहतो. हा हाफ क्लचच क्लच प्लेट खातो. जळका वास आला तेव्हाच प्लेटचे आयुष्य कमी झालेले असते. उतरताना पेट्रोल वाचावे म्हणून गाडी न्यूट्रल करण्याची सवयही आपल्याकडे फार. इंजेक्शनच्या गाडीत उतारावर गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की पेट्रोलचा पुरवठा जवळपास बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतेच आणि सगळा भार ब्रेकवर पडून ते तापतात. म्हणजे वाचत काही नाही आणि धोका वाढतो. ज्या गिअरने घाट चढावा त्याच गिअरने उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे.

दुसरा मुद्दा बिनक्लचच्या गाड्यांचा. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ एएमटी घेऊन आली, २०१५ मध्ये टाटांच्या नॅनोलाही ती सोय मिळाली. पुढे अनेक छोट्या गाड्यांत ती आली. पुष्कळांना वाटते की यात क्लचच नाही. तसे नाही. आत तोच साधा गिअरबॉक्स आणि तीच क्लच प्लेट असते. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम पायाहाताऐवजी यंत्र करते. म्हणूनच ती इतर ऑटोमॅटिकपेक्षा स्वस्त पडते. बाजारपेठेत दिवसभर थांबत-चालत माल पोहोचवणाऱ्याच्या डाव्या पायाला आराम मिळतो, हा फायदा मोठा आहे. पण गिअर बदलताना झटका बसतो, पुढची गाडी ओलांडताना क्षणभर ओढ तुटते आणि चढावर गाडी मागे सरकते, अशा तक्रारीही कानी येतात. यातले काही यंत्राच्या रचनेतलेच आहे, काही आपल्या सवयीतले. चढावर थांबल्यावर ब्रेक न लावता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर येथेही क्लच प्लेट जळते, आणि चालकाला ते कळतही नाही. घाटात ही गाडी हाताने गिअर टाकण्याच्या खुणेवर ठेवावी, हे उत्तम.

जुनी गाडी घेताना सपाट रस्त्यावरच्या फेरीवर समाधान मानू नये. चढावर न्यावी. वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढला, पण वेग वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. खालचा गिअर टाकताना खरखर झाली किंवा उतारावर पाय उचलताच गिअर निसटला, तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवताना पुढच्या चाकांतून टकटक ऐकू आली, तर ड्राइव्ह शाफ्टचे सांधे गेले.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक तपासणी हवी. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळुणात असंख्य वाहने पाण्याखाली गेली होती. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून नवी दिसते. पण पट्टा पूर्ण बाहेर ओढला तर टोकाला चिखलाचा डाग सापडतो, गालिच्याखाली गाळ सापडतो. गिअरचे तेल दुधाळ झाले असेल तर आत पाणी शिरले आहे. एएमटी गाडीत तर तारांच्या जोडण्यांना गंज चढला की बिघाड पुन्हापुन्हा उद्भवतो. अशी गाडी स्वस्तातही महागच.

आता गॅरेज चालवणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांसाठी दोन शब्द. जुन्या छोट्या गाड्यांवर तुमचा हात बसला आहे. पण नव्या गाडीतला दोष कानाने ऐकून नेहमी सापडणार नाही, त्याला स्कॅनर लागतो. एकट्याला परवडत नसेल तर दोघा-तिघांनी मिळून तो घ्यावा, कामावरच्या पोरांना आयटीआयमध्ये घालावे. नाहीतर या गाड्या कोल्हापूरच्या वाटेला लागतील आणि त्यांच्याबरोबर तुमची मजुरीही जाईल.

माल आणि घाट हेच रोजचे काम असेल, तर आमचे मत आजही हाताने टाकायच्या गिअरच्या बाजूने आहे. शहरातल्या फेऱ्यांसाठी एएमटी जरूर घ्यावी, पण ती दुरुस्त करणारा जवळ आहे का आणि सुटा भाग काय भावाने मिळतो, हे आधी विचारूनच. आणि कोणतीही जुनी गाडी पाहायला जाताना आपला मिस्त्री सोबत न्यावा. त्याला त्या दिवसाची मजुरी मान राखून द्यावी. गिअरबॉक्सच्या खर्चापुढे ती काहीच नाही.