वाचकाचा अभिप्राय आणि न संपणारी कथा

साहित्यकृती प्रसिद्ध झाली की ती लेखकाची राहत नाही, वाचकांची होते, असे म्हटले जाते. वर्षानुवर्षे चालणाऱ्या कथामालिकेची गोष्ट मात्र थोडी निराळी असते. तेथे कथा पुढे सरकत असते आणि त्याच वेळी वाचक तिच्याविषयी आपले मत मांडत असतात. अशा मताला किती महत्त्व द्यावे? जर्मन भाषेतील ‘पेरी रोडान’ ही विज्ञानसाहसकथांची मालिका या प्रश्नाचा विचार करण्यास उत्तम उदाहरण ठरते.

या मालिकेचा पहिला अंक ८ सप्टेंबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनीत प्रसिद्ध झाला. के. एच. शेअर आणि ‘क्लार्क डार्लटन’ या टोपणनावाने लिहिणारे वॉल्टर अर्न्स्टिंग हे तिचे जनक होत. आरंभी जेमतेम तीस ते पन्नास अंक काढण्याचा विचार होता. परंतु वाचकांनी मालिका उचलून धरली आणि दर आठवड्याला एक पुस्तिका हा क्रम रूढ झाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिचा ३००० वा अंक निघाला. एवढा विस्तार एकट्या लेखकाला पेलणारा नाही. म्हणून एक-दोन लेखक कथेचा आराखडा आखतात आणि त्याबरहुकूम लेखकमंडळातील इतर जण एकेक अंक लिहितात.

स्वस्त कागदावर छापलेल्या या पुस्तिकांना अनेक समीक्षकांनी साहित्याच्या पंक्तीत बसू दिले नाही. वाचकांनी मात्र त्या केवळ वेळ घालवण्यासाठी वाचल्या नाहीत. त्यांनी पत्रे लिहिली, वाद घातले आणि मालिकेनेही त्यांच्या पत्रांना अंकात जागा दिली. उंदीर आणि बीव्हर यांचे मिश्रण वाटावा असा ‘गुकी’ नावाचा खोडकर परग्रहवासी काहींना अत्यंत प्रिय वाटतो, तर त्याच्यामुळे कथेचे गांभीर्य उणावते असे इतरांना वाटते. कोणाला अवकाशातील युद्धे हवी असतात, तर कोणाला त्या युद्धांचाच वीट येतो.

यांतील शेवटचा मतभेद केवळ आवडीनिवडीचा नाही. पहिल्या अंकात अंतराळवीर पेरी रोडान १९७१ साली चंद्रावर उतरतो. तेथे त्याला परग्रहावरील प्रगत लोकांचे बंद पडलेले यान सापडते. त्यांच्या सामर्थ्याच्या बळावर तो पृथ्वीवरील अणुयुद्ध टाळतो आणि मानवजातीला एकत्र आणतो. प्रत्यक्षात मानव चंद्रावर उतरला तो जुलै १९६९ मध्ये. तेव्हा ‘लेखकाचा अंदाज चुकला’ असा अभिप्राय सहज देता येतो. पण जो वाचक थोडा थांबतो, त्याला आणखी काही दिसते. बर्लिनची भिंत ऑगस्ट १९६१ मध्ये उभी राहू लागली आणि पुढच्याच महिन्यात ही कथा लोकांच्या हाती आली. दुभंगलेल्या देशातील वाचकांना एकसंध पृथ्वीचे स्वप्न का भावले असेल, हे यावरून उमगते. त्यातूनच पुढचा प्रश्न निघतो : एका माणसाच्या हाती अजिंक्य शस्त्रे आल्यामुळे लाभलेली शांतता ही खरी शांतता म्हणावी काय? मालिकेवर सैनिकी वृत्तीचा आरोप झाला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

असे प्रश्न वाया जात नाहीत. विल्यम फोल्ट्स हे या मालिकेचे लेखक होण्यापूर्वी विज्ञानकथांचे चाहते म्हणून वाचकांच्या मंडळींत वावरत होते. १९६२ मध्ये ते लेखकमंडळात आले आणि १९७० च्या दशकात कथेचा आराखडा त्यांच्याकडे सोपवला गेला. त्यांच्या काळात युद्धांचा जोर कमी झाला आणि विश्वाच्या रहस्याचा शोध कथेच्या केंद्रस्थानी आला. १९८४ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. पण मालिकेला त्यांनी दिलेले वळण टिकून राहिले.

तर मग लेखकाने वाचकांच्या सांगण्यानुसारच लिहावे काय? तसे मुळीच नाही. वाचकांचे एकमत कधीच नसते. शिवाय प्रत्येकाला जे पूर्वी आवडले तेच पुन्हा हवे असते. सर्वांचे मन राखू पाहणारी कथा त्याच त्या प्रसंगांभोवती घुटमळू लागते. फोल्ट्स यांचे वळण जुन्या वाचकांपैकी काहींना रुचले नव्हते. तरीही ते घेणे आवश्यक होते. वाचकाचा अभिप्राय म्हणजे लेखकाला दिलेला हुकूम नव्हे. तो एका विचार करणाऱ्या माणसाने दुसऱ्याशी साधलेला संवाद असतो.

संवादाला मात्र काही शिस्त लागते. ‘छान आहे’ किंवा ‘पूर्वीची गोडी उरली नाही’ एवढ्याने संवाद होत नाही. काय आवडले, काय खटकले आणि का, हे सांगता आले पाहिजे. विरुद्ध मत ऐकून घेता आले पाहिजे. त्यासाठी पदवी लागत नाही की ग्रंथ भारी किमतीचा असावा लागत नाही. लक्षपूर्वक वाचणाऱ्याच्या हातात आठवड्याची स्वस्त पुस्तिका असली, तरी तीतून युद्ध, शांतता आणि सत्ता यांविषयी प्रश्न उभे राहू शकतात. ते प्रश्न जो विचारतो आणि आपल्या मताची कारणे देतो, त्याच्या अभिप्रायाला लेखकाने मान तुकवण्याची गरज नसते. पण तो ऐकल्यावाचून पुढे जाणेही त्याला परवडत नाही.