किल्ली मालकाच्या हाती राहावी

तिजोरीची किल्ली दिवाणजींच्या स्वाधीन करण्याचा प्रघात आपल्या पेढ्यांवर कधीच नव्हता. आता मात्र बाजारपेठेत कोठेही पाहावे, तो साठी उलटलेला मालक मोबाईल पुढे करून म्हणतो, "दिवाणजी, ओटीपी आलाय, तेवढा टाका बरं!" पिन क्रमांक तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर सर्वांदेखत लिहिलेला. वृद्धांना शिकण्याची हौस नाही, असे तरुण मंडळी म्हणतात. खतावणी ज्यांस मुखोद्गत, त्यांच्याविषयी हे बोलणे आम्हांस मान्य नाही.

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात पीएच.डी.चा अभ्यास करणाऱ्या अल्मा व्हिटन यांनी प्राध्यापक टायगर यांच्या समवेत १९९९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ईमेलची सवय असलेल्या १२ जणांस गुप्त मजकूर सांकेतिक करून पाठविण्याची 'पीजीपी' नावाची प्रणाली देण्यात आली. मुदत ९० मिनिटांची. एक तृतीयांश लोकांनाच ते काम साधले, आणि तिघांनी तर गुप्त मजकूर उघडाच धाडून दिला! कुलूप भक्कम होते. ते लावावे कसे, हेच कोणास उमगेना. असे कुलूप घडविणाऱ्यास आम्ही तरी कुशल कारागीर म्हणणार नाही.

आपल्याकडेही ओळख पटविण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावावयास सांगतात. अंधांनी आणि ॲसिडहल्ल्यात डोळे गमावलेल्यांनी काय करावे? त्यांचे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवा सुलभपणे मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरविला. निकाल झाला, पण तो यंत्रात उतरविणार कोण? पुण्यात शिकलेले टी. व्ही. रामन हे स्वतः अंध. गणिताचा ग्रंथ यंत्राने वाचून दाखवावा कसा, हाच त्यांनी १९९४ साली कॉर्नेल विद्यापीठातील प्रबंधाचा विषय केला. ज्याची अडचण त्यानेच वाट काढली!

आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीतून वैद्यक, अभियांत्रिकी, हिशेबशास्त्र यांस साहाय्य मिळते, ते योग्यच. त्यांतील एक शिष्यवृत्ती अशा संशोधक विद्यार्थ्यास वा विद्यार्थिनीस द्यावी, अशी आमची सूचना आहे. व्यापाऱ्यांचा पैसा संगणकाच्या संशोधनात कशाला, असे काही सभासद विचारतील. त्यांनी प्रथम आपला मोबाईल सध्या कोणाच्या हाती आहे, तेवढे पाहावे.

अट एकच. त्या विद्यार्थ्याने महिनाभर धान्यबाजारात येऊन बसावे. चष्मा कपाळावर चढवून आम्ही तो सहा अंकी आकडा कसा हुडकतो, आणि हुडकेपर्यंत मुदत कशी संपते, हे डोळ्यांनी पाहावे. चहा आमच्या गाळ्यावर.