सामान पुढे, आपण मागे

पाठीवर पंधरा किलोंचे ओझे नसेल तर ती पदभ्रमंतीच नव्हे, अशी एक समजूत आपल्या गिर्यारोहक मंडळींत घट्ट रुजलेली आहे. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना ती शोभतेही. तिथे कड्यावर सामान नेऊन देणार कोण? पण हीच फूटपट्टी सगळ्या वाटांना लावायची आणि ज्यांचे सामान दुसरा कोणी पोचते करतो त्यांना ‘हौशी सहलवाले’ म्हणून हिणवायचे, हे काही मला पटत नाही.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या उत्तर टोकाला आबेल तास्मान नावाची एक किनारवाट आहे. माराहाऊपासून वाइनुईपर्यंत ६० किलोमीटर. चालायला तीन ते पाच दिवस लागतात. ज्याचे नाव तिला मिळाले तो डच दर्यावर्दी १६४२ च्या डिसेंबरात या भागात आला, माओरींशी झालेल्या चकमकीत त्याचे चार खलाशी मारले गेले आणि किनाऱ्यावर पाऊल न ठेवताच तो निघून गेला. जिथे तो एक पाऊलही चालला नाही तिथली वाट त्याच्या नावाने ओळखली जावी, ही इतिहासाची थट्टाच म्हणायची! पुढे १९४२ मध्ये, बरोबर तीनशे वर्षांनी, तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. पेरीन मॉनक्रीफ या पक्षी-अभ्यासक बाईंनी त्यासाठी मोठी खटपट केली होती.

वाटेत मुक्कामाला चार सरकारी निवारे आहेत. त्यांतला फारीफारांगीचा निवारा म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे, डागडुजी केलेले एक शेतघर. झोपायला फळीवर गादी मिळते. स्टोव्ह आपला आपण न्यायचा. जागा मोजक्या, आणि त्या आगाऊ राखून ठेवाव्या लागतात. ज्यांना बोजा नको ते आपले सामान मोटारहोडीने पुढे पाठवतात. माराहाऊला ही होडी चाकांच्या गाड्यावर चढवून, ट्रॅक्टरने ओढत पाण्यापर्यंत नेतात.

आता, सामान होडीत गेले म्हणून चालणे सोपे झाले का? अवारोआची खाडी पाहा. तिथे भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांच्या घरात जातो. ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दोन तास, एवढ्या वेळातच बूट हातात घेऊन ती पायी ओलांडायची. भरतीच्या वेळी वळसा घालून जायला दुसरी वाट नाही. ओहोटी भल्या पहाटे असेल तर अंधारात उठावे लागते. पिशवी कोणाच्या खांद्यावर आहे याची चौकशी समुद्र करीत नाही.

आणि दूर कशाला जायचे? आषाढीच्या वारीत दिंडीचा ट्रक वळकट्या, तंबू, स्वयंपाकाची भांडी घेऊन पुढच्या मुक्कामी जातो; वारकरी टाळ वाजवीत मागून चालत येतो. त्याने वारी केली नाही असे म्हणण्याची छाती आपल्यापैकी कोणाची आहे?

यावर खरा आक्षेप निराळाच आहे, आणि तो मला मान्य आहे. होडी नुसते सामान आणीत नाही, दिवसभरापुरती माणसेही आणते. गर्दी होते, इंजिनाचा आवाज होतो. ज्याच्या खिशात पैसा त्याची पाठ मोकळी, असाही प्रकार होतो. तरीपण वाट जपण्याची कळकळ ओझे वाहणाऱ्यांनाच असते, असे म्हणता येणार नाही. २०१६ मध्ये अवारोआचा एक खाजगी मालकीचा समुद्रकिनारा विक्रीला निघाला. तो कोणा धनिकाच्या हाती पडू नये म्हणून सुमारे ४०,००० लोकांनी वर्गणी काढली, थोडी भर सरकारनेही घातली. वीस लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी राहिली आणि किनारा विकत घेऊन राष्ट्रीय उद्यानाला जोडला गेला. वर्गणी देताना ‘तुम्ही सामान स्वतः वाहिले होते का’ असे कोणी विचारले नसेल.

हे सगळे मांडायचे कारण आपल्या घरचे आहे. सहलीची यादी लागते तेव्हा काही नावे पहिल्याच दिवशी गळतात. ती चालण्याच्या भीतीने गळत नाहीत, वजनाच्या धाकाने गळतात. त्यांत पाठदुखीचे प्राध्यापक असतात, किरकोळ अंगाच्या मुली असतात, आणि मुलगेही असतात, ते फक्त कबूल करीत नाहीत. गोकर्णला कुडलेहून ओम आणि हाफ मूनकडे जाणारी वाट आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक आहे. पुढल्या खेपेस तिथे जाताना सामान होडीने पाठवावे, भाडे सर्वांनी सारखे वाटून घ्यावे आणि कोणाला आपली पिशवी स्वतःच न्यायची असेल तर त्याने खुशाल न्यावी. पाण्याची बाटली आणि टोपी मात्र प्रत्येकाने जवळ ठेवावी. ओम सोडल्यावर सावली फारशी नाही.