दानाची पावती आणि दानाची पारख

पनवेलच्या बाजारपेठेत माल उधारीवर देण्यापूर्वी व्यापारी गिऱ्हाईकाची पत पाहतो, चार ओळखीच्यांकडे चौकशी करतो आणि मगच वहीत नाव मांडतो. दान देताना मात्र हीच चिकित्सक नजर सहसा बाजूला ठेवली जाते. मुलाचा वाढदिवस, वडिलांची पुण्यतिथी किंवा दुकानाचा वर्धापनदिन आला की एखाद्या बालगृहात गोडधोड जेवण पोहोचते, छायाचित्र निघते, पावती मिळते. त्यामागची भावना निर्मळ असते. परंतु पाहुणे परतल्यावर त्या मुलांचे दिवस कसे जातात, हे क्वचितच विचारले जाते. न विचारलेल्या या प्रश्नाची किंमत मुलांनी कशी मोजली, हे रायगड जिल्ह्याशी जोडलेल्या दोन प्रकरणांतून दिसते.

पहिले प्रकरण अँकरेज शेल्टर्सचे. ब्रिटिश नौदलात पूर्वी नोकरी केलेल्या डंकन ग्रँट याने १९९०च्या दशकात रस्त्यावरील मुलांसाठी हे निवारे सुरू केले. ते मुंबईत कुलाबा व कफ परेड येथे आणि रायगडमध्ये मुरुड येथे चालत. ॲलन वॉटर्स हा त्याचा मित्र परदेशातून तेथे येत असे. निवाऱ्यात आलेल्या मुलांना अन्न, वस्त्र, छप्पर मिळत होते. पण त्याच छपराखाली त्यांचे लैंगिक शोषणही होत होते. २००१ साली मुलांची आपबीती चाइल्डलाइनचे कार्यकर्ते व बालहक्कांसाठी झटणाऱ्या वकिलांपर्यंत पोहोचली आणि पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. तोपर्यंत दोन्ही प्रमुख आरोपी देशाबाहेर होते.

येथून पुढचे काम एका पोलीस ठाण्याच्या आवाक्यातले नव्हते. आरोपी परदेशी असला, तर न्यायालयाचे वॉरंट आणि पुराव्याची कागदपत्रे परराष्ट्र मंत्रालयामार्फत त्या देशाकडे पाठवावी लागतात; तेथील न्यायालयाचे समाधान झाल्यावरच त्याला भारताच्या स्वाधीन केले जाते. भारत आणि अमेरिका यांच्यात १९९७ साली प्रत्यार्पण करारावर सह्या झाल्या होत्या. २००३ मध्ये वॉटर्स न्यूयॉर्कच्या विमानतळावर पकडला गेला आणि पुढच्या वर्षी त्याला मुंबईत आणण्यात आले. ग्रँट २००५ मध्ये शरण आला. मार्च २००६ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने दोघांना सहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. मात्र १८ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून सत्र न्यायालयाची शिक्षा कायम केली. तक्रारीपासून अंतिम निकालापर्यंत जवळजवळ दहा वर्षे गेली. तक्रार करणारी मुले तोपर्यंत तरुण झाली होती.

या काळात जगभरातील सरकारांनी एकमेकांना साहाय्य करण्याची चौकट पुष्कळ मजबूत केली. बालहक्कांविषयीची संयुक्त राष्ट्रांची संहिता १९८९ साली संमत झाली आणि भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. परदेशात जाऊन मुलांचे शोषण करणाऱ्या आपल्याच नागरिकावर मायदेशी खटला भरण्याचा कायदा ऑस्ट्रेलियाने १९९४ मध्ये केला; इतर देशांनीही तसे कायदे केले. २०१९ पासून आणखी एक व्यवस्था सुरू झाली आहे. मुलांच्या शोषणाच्या चित्रफिती इंटरनेटवर फिरल्या, तर त्यांची सूचना अमेरिकेतील एका राष्ट्रीय केंद्राकडून भारताच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाला मिळते आणि तेथून ती संबंधित राज्याच्या पोलिसांकडे जाते. म्हणूनच अशी चित्रफीत केवळ संताप व्यक्त करण्यासाठी कुटुंबाच्या किंवा समाजाच्या व्हॉट्सॲप गटात पुढे पाठवणे हाही गुन्हा ठरतो, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.

असे करार सातासमुद्रापलीकडच्या आरोपीला परत आणू शकतात; मात्र त्यांचे काम सुरू होण्यासाठी कोणीतरी मुलाचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे लागते. दुसरे प्रकरण हेच सांगते, आणि ते पनवेलच्या वेशीवरचे आहे. ठाणे जिल्ह्यातील एका आश्रमातील बालकांच्या मृत्यूच्या बातम्यांची मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि अशा संस्थांच्या पाहणीसाठी समिती नेमली. त्या पाहणीच्या ओघात २०११ साली कळंबोली येथील, बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलामुलींच्या एका संस्थेतील भीषण अत्याचार उजेडात आले. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने संस्थाचालक आणि त्याच्या साथीदारांना दोषी ठरवले. येथे ना परदेशी नागरिक होता, ना प्रत्यार्पणाचा प्रश्न. अंतर होते ते फक्त मुलांच्या खोलीपासून बाहेरच्या माणसाच्या कानापर्यंतचे.

हे अंतर कमी करणे दात्याच्या हातात आहे. देणगी मागणाऱ्या संस्थेकडे आयकर सवलतीचे प्रमाणपत्र मागितले जाते. त्याबरोबर आणखी काही गोष्टी मागाव्यात. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुले ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी सक्तीची आहे. ते प्रमाणपत्र पाहावे. प्रत्येक मूल जिल्हा बाल कल्याण समितीच्या आदेशाने तेथे आले आहे का, शेवटची तपासणी कधी झाली, रात्री मुलांजवळ कोण असते, मुलींसाठी महिला कर्मचारी आहेत का, हे विचारावे. खऱ्या सेवाभावाने चालणाऱ्या संस्थेला अशा प्रश्नांचा राग येत नाही; उलट तिची पत वाढते. मुलांची नावे, छायाचित्रे मात्र मागू नयेत आणि त्यांच्याशी एकांतात भेट घेण्याचा आग्रहही धरू नये. दात्यालाही नियम लागू असतात, हे मान्य करणे मुलांच्याच हिताचे आहे.

शंका आलीच, तर ती मनात दाबून ठेवण्याची मुभा कायदा देत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार बालकाच्या लैंगिक शोषणाची माहिती किंवा आशंका असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास शिक्षा आहे. सद्हेतूने कळवणाऱ्याला संरक्षण आहे. १०९८ या क्रमांकावर दिवसरात्र दूरध्वनी करता येतो. पनवेलच्या स्थानकात एकटे भटकणारे मूल दिसले, तरी हाच क्रमांक उपयोगी पडतो. त्यांतील काही मुले घरातील मारहाणीला भिऊन निघालेली असतात. त्यांना पैसे देऊन वाटेला लावणे किंवा चौकशीशिवाय घरी परत पाठवणे धोक्याचे ठरू शकते.

हीच कसोटी स्वतःच्या उंबरठ्याच्या आतही लागू पडते. दुकानात काम करणारा मुलगा, घरकामाला ठेवलेली मुलगी, एकत्र कुटुंबातील गप्प झालेले लेकरू यांच्या बाबतीत घराण्याच्या अब्रूचा विचार पुढे येतो आणि तक्रार माजघरातच विरते. अब्रू जपण्यासाठी मुलाला गप्प बसवले, तर त्याचा लाभ केवळ अपराध्यालाच होतो. येत्या वर्षी देणगीची रक्कम ठरवण्यासाठी कुटुंब एकत्र बसेल, तेव्हा रकमेआधी संस्थेची चौकशी कोण करणार, हे ठरावे. ते काम घरातील एका जबाबदार व्यक्तीकडे सोपवावे आणि उधारीच्या चौकशीइतकेच ते नेटाने व्हावे.