पूर्वजन्मीचं सेटिंग

थाई सीरियल म्हटलं की एक ठरलेली रेसिपी डोळ्यांपुढे येते. हिरो श्रीमंत आणि कायम भडकलेला. हिरोइन गरीब आणि मानी. ती त्याच्या कानाखाली काढते, तो तिचे हात पकडून जबरदस्तीने किस करतो, बॅकग्राउंड म्युझिक चढतं आणि यालाच प्रेम म्हणतात असं आपण समजायचं! थाई लोकांनी या प्रकाराचं बारसंही केलंय. 'तोप-चूप', म्हणजे थप्पड आणि चुंबन. २००८ ची 'सवान बियांग' हा त्यातला सुपरहिट नमुना. तिथे हिरो सुडापोटी हिरोइनवर बलात्कार करतो आणि पुढे त्याला माफी मिळावी म्हणून प्रेक्षकांनी रुमाल काढायचे. बघणारे सगळेच गप्प बसले असं मात्र नाही. २०१४ मध्ये खुद्द थायलंडमध्ये अशा दृश्यांविरुद्ध ऑनलाइन अर्ज फिरला आणि हजारोंनी त्यावर सह्या केल्या.

हे आधी सांगायचं कारण, 'बुप्पे सन्निवात'. इंग्रजी नाव 'लव्ह डेस्टिनी'. फेब्रुवारी ते एप्रिल २०१८, चॅनल ३, बुधवार-गुरुवार, एकूण भाग १५. (फक्त १५! आपल्याकडे तेवढ्यात साखरपुड्याची साडीसुद्धा ठरत नाही.) नाव परकं वाटतंय? जरा फोडून बघा. पुब्बे म्हणजे पूर्वी, सन्निवास म्हणजे सोबत राहणं. मूळ शब्द पालीतले. गेल्या जन्मी एकत्र होतो म्हणून या जन्मी भेटलो. आपल्या कट्ट्याच्या भाषेत, पूर्वजन्मीचं सेटिंग.

केत्सुरांग ही बँकॉकची आर्किऑलॉजीवाली मुलगी. हुशार, हसरी आणि चांगली गुटगुटीत. ती गाडीच्या अपघातात जाते आणि तिचा आत्मा थेट सतराव्या शतकातल्या अयुथ्येत, काराकेत नावाच्या एका सुंदर, सडपातळ आणि महादुष्ट मुलीच्या शरीरात जाऊन बसतो. काराकेतने मत्सरापोटी एक होडी उलटवायला लावलेली असते, त्यात एक दासी बुडून मेलेली असते. खरा अपराधी शोधायला घरचे एक मंत्र म्हणतात आणि त्या मंत्राने काराकेत मरते. मंत्राचं नाव, दिल थामके बैठिए, 'कृष्णकाली'! अशा ओळखीच्या खुणा पावलोपावली सापडतात. अयुथ्या म्हणजे अयोध्या. राजा नाराय म्हणजे नारायण. हिरो देट म्हणजे आपला 'तेज', आणि त्याची पदवी सुंथोन थेवा, म्हणजे 'सुंदर देव'. लग्नाच्या बायोडेटावर शोभेल अशी पदवी आहे, नाही?

तर या सुंदर देवाचं काराकेतशी लहानपणीच लग्न ठरलंय आणि तो तिचा मनापासून तिरस्कार करतो. खुनी बाई, दुसरं काय करणार? आणि एके दिवशी तीच बाई उठते, नोकराचाकरांशी गोड बोलायला लागते, काहीबाही अगम्य शब्द वापरते, भाताच्या ताटावर तुटून पडते. देट बघतच राहतो. इथे मला ही सीरियल मनापासून आवडली. त्याचं प्रेम पंधरा भागांत कणाकणाने वाढतं. आधी संशय, मग कुतूहल, मग गालातल्या गालात हसू, मग ती दिसली नाही की उगाच या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या. थनवत वत्थनपुती या नटाचा चेहरा सुरुवातीला इस्त्री केलेल्या शर्टासारखा असतो, आणि एकेक सुरकुती पडत जाते ती बघायला मजा येते. रानी कॅम्पेनबद्दल काय बोलावं... एकाच चेहऱ्यावर ती काराकेत आणि केत्सुरांग इतक्या वेगळ्या दाखवते की मान कशी वळली यावरून कोण आहे ते कळावं. थप्पड मारून मग चुंबन घेणाऱ्या जगातून इथे आलं की खिडकी उघडल्यासारखं वाटतं.

आणि हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकलीसुद्धा. बघा हं. हिरोला चेहरा आधीपासून ठाऊक आहे आणि तो त्याला नकोसा आहे. म्हणजे तो भाळतो ते वागण्यावर, बोलण्यावर, आतल्या माणसावर. रूप महत्त्वाचं नाही हे यापेक्षा चोख कसं सिद्ध करणार? पण ते सिद्ध करायला लेखिकेने रूप घेतलंय ते मात्र एकदम मॉडेलचं! केत्सुरांगची ती हुशारी, तो खळाळता स्वभाव तिच्या स्वतःच्या देहात असताना तिच्या वाट्याला मेकअपने फुगवलेले गाल आणि जाडेपणावरचे विनोद. प्रेम मिळतं ते झिरो फिगर मिळाल्यावर. आरशात नवीन कंबर बघून ती खूश होते तो सीन सगळे हसत बघतात. मीही हसले. पण 'स्लिम, गोरी, सुस्वरूप' अशा जाहिराती रविवारच्या पेपरात वाचत मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला हा विनोद जरा जास्तच ओळखीचा आहे. जिममध्ये फी भरून न जाणाऱ्या माझ्या तमाम मैत्रिणींनी हा एक प्रश्न विचारून बघावा. जाडी केत्सुरांग तशीच्या तशी अयुथ्येत पोहोचली असती तर सुंदर देवाने दुसऱ्यांदा वळून पाहिलं असतं का? सीरियल हा प्रश्न स्वतःला विचारतच नाही.

दासींचंही तसंच. पिन आणि याम या दोन दासी सीरियलचा निम्मा विनोद सांभाळतात आणि फार गोड कामं केलीत दोघींनी. केत्सुरांग त्यांना मैत्रिणींसारखं वागवते. पण ती इतिहास शिकलेली मुलगी आहे. सयाममधली गुलामगिरी पूर्णपणे संपायला १९०५ साल उजाडणार आहे हे तिला माहीत असायला हवं. या दोघी माणसं असून कुणाच्यातरी मालकीच्या आहेत, याने तिची झोप एखाद्या रात्रीपुरतीसुद्धा उडत नाही. ती पाणी गाळायचं यंत्र बनवते, लोखंडी भांडं घडवून घेऊन डुकराचं मांस भाजायची पार्टी करते, आणि बाकी सगळं जसं आहे तसं. अर्थात, दासीमुक्तीचं भाषण ठोकलं असतं तर टीआरपी धाडकन पडला असता, हेही खरं.

इतिहास मात्र झकास वापरलाय. काळ आपल्या शिवाजी-संभाजी महाराजांचा. नारायच्या दरबारात कॉन्स्टन्टाइन फॉल्कन नावाचा ग्रीक माणूस आपल्या चलाखीने वर चढलेला, फ्रेंचांची ये-जा चाललेली. १६८६ मध्ये सयामचा वकील कोसा पान व्हर्सायला चौदाव्या लुईसमोर उभा राहिला तो खराखुरा प्रसंग, आणि आपला देटही त्याच्याबरोबर जहाजातून फ्रान्सला जातो. फॉल्कनची बायको मारिया हीसुद्धा खरी बाई. जपानी, पोर्तुगीज असं मिश्र रक्त, आणि तिच्या वडिलांचा धागा पोर्तुगीजांच्या गोव्यापर्यंत जातो असं सांगतात. अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या सोनेरी थाई मिठाया तिनेच रूढ केल्या असं थाई लोक मानतात. १६८८ मध्ये राज्य उलटणार, फॉल्कनचं डोकं उडणार, मारियाचे हाल होणार हे केत्सुरांगला ठाऊक आहे आणि तरी ती मारियाच्या शेजारी बसून मिठाई करते. हा ताण सोन्यासारखा होता! पण १६८८ शेवटच्या भागांत असं घाईघाईने उरकलंय की क्लायंट लिफ्टपाशी पोहोचलाय आणि आपण प्रेझेंटेशनच्या शेवटच्या स्लाइड्स पळवतोय.

सीरियल चालू असताना अयुथ्येत काय धमाल होती! १६३० मध्ये बांधलेल्या वाट चायवत्थनाराम देवळाच्या अवशेषांत लोक रेशमी वस्त्रं नेसून फोटो काढायला गर्दी करत होते. 'ऑ चाओ', म्हणजे जुन्या थाईतलं 'तू', ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. हिरव्या कैऱ्या आणि गोड मासळी-सॉस या जोडीलाही भाव आला. (कैरी आणि गूळ-तिखट यांची सवय असलेल्यांनी एकदा खाऊन बघा. वास सोडला तर अप्रतिम.)

बघायची असेल तर सबटायटल्स लावून शनिवारी सुरू करा, रविवारी जेवण बाहेरून मागवा. पहिले सहा भाग अजिबात सोडू नका. मध्ये कटकारस्थानांचे एक-दोन भाग रेंगाळतात, तेव्हा कपडे इस्त्री करून घ्या. २०२२ मध्ये याच जोडीचा सिनेमा आला आणि २०२३ मध्ये सीरियलचा पुढचा भाग, नाव 'प्रोम लिखित'. हो, ब्रह्मलिखितच. त्यात आजच्या काळातून आणखी एक मुलगी भूतकाळात जाते आणि तिचाही चेहरा रानी कॅम्पेनचाच, कंबरही तीच. मी तिसऱ्या भागापर्यंत पोहोचलेय. आईने मात्र सगळी संपवली आणि आता तिला मोठ्या वाण्याकडे फिश सॉस मिळतो का ते बघायचंय.